‘दिसले नाहीत’ आणि ‘नाहीत’: सोलापुरातल्या एका क्षयरुग्णाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मराठी विषयात एम.ए. केल्यानंतर मी काही वर्षं शिकवलं. आता सोलापुरात क्षयरुग्णांच्या पाठपुराव्याचं काम करते. रुग्णाच्या घरी जायचं, गोळ्या चालू आहेत का बघायचं, काही त्रास होत असेल तर तो डॉक्टरांच्या कानावर घालायचा. औषध देणं माझ्याकडे नाही. माझ्याकडे फक्त बोलणं आहे, आणि या प्रकरणात तेच बिघडलं. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि संबंधित घरी हे सगळं वाचून दाखवून परवानगी घेतली आहे.

शहराचा पूर्व भाग ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही गल्ली डोळ्यांसमोर आणता येईल. पद्मशाली समाजाची तेलुगू घरं, दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट, आणि ओट्यावर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. घरात तेलुगू, मुलांच्या शाळेत मराठी, बाजारात दखनी हिंदी, पलीकडच्या घराशी मोडकंतोडकं कानडी. दवाखान्यात गेलं की इंग्रजी शब्दांनी भरलेली मराठी. दिवसाकाठी चार भाषांत व्यवहार करणारी बाई आमच्या फॉर्मवर ‘अशिक्षित’ या रकान्यात बसते. मला हे नेहमी खटकत आलं आहे.

ज्यांची ही हकीकत आहे त्यांना मी अक्का म्हणते. वय चाळिशीच्या पुढे. आयुष्यभर विड्या वळल्या. मुलगा मागावर आहे, सून बारावी शिकलेली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बेडक्यात जंतू सापडले आणि उपचार सुरू झाले. नेहमीच्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. उपचार चालू असेपर्यंत सरकारच्या नि-क्षय पोषण योजनेचे पैसे खात्यात जमा होतात. २०१८ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० मिळतात. या पैशांचा उल्लेख मुद्दाम करते आहे, तो पुढे लागणार आहे.

पहिले दोन महिने अक्कांनी एक दिवसही चुकवला नाही. खोकला थांबला, भूक लागायला लागली, वजन वाढलं.

काय बिघडलं

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बेडका पुन्हा तपासला. डॉक्टरांनी सुनेला सांगितलं, “रिपोर्ट निगेटिव्ह आलाय. छान. गोळ्या चालू ठेवा.” मी तिथेच होते. एकही शब्द चुकीचा नव्हता. पण पहिल्या वाक्याने तिसरं गिळून टाकलं.

सुनेला हा शब्द २०२० साली शिकायला मिळाला होता. तेव्हा गल्लीत पॉझिटिव्ह निघालेल्या माणसाला घेऊन जायचे आणि निगेटिव्ह आला की तो घरी यायचा. म्हणजे निगेटिव्ह हा सुटकेचा शब्द. तिने घरी जाऊन तेलुगूत सांगितलं, जंतू नाहीत. त्याच दिवशी औषधं चारावरून तीनवर आली होती, पाकीट वेगळं होतं. अक्कांच्या हिशेबात दोन्ही गोष्टी बरोबर जुळल्या: जंतू संपले, गोळ्या कमी केल्या, आता बंद होणार. त्यात सिद्धेश्वराची यात्रा तोंडावर आलेली. पाव्हणे येणार, घरातली कामं, गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, नातवंडांना न्यायचं. एक दिवस गोळी राहिली, मग दुसरा. बघता बघता नऊ दिवस गेले.

यानंतरची चूक माझी.

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी गल्लीत गेले. अक्का चार-पाच बायकांबरोबर ओट्यावर बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच म्हणाले, “अक्का, गोळ्या न्यायला आला नाहीत तुम्ही. तुमचं नाव डिफॉल्टरमध्ये येतंय हं.”

सगळ्यांचे हात थांबले. विडी वळणाऱ्या बाईचा हात बोलताना थांबत नाही, हजार विड्या पुऱ्या करायच्या असतात. एक बाई दोरा बोटाला गुंडाळलेला तसाच धरून अक्कांकडे बघत राहिली. अक्का काही न बोलता सूप उचलून आत गेल्या. पुढच्या दोन खेपांना दार बंद. सून म्हणाली, गावाला गेल्यात. आतून खोकल्याचा नव्हे, पण पान कापायच्या कात्रीचा आवाज येत होता.

तिसऱ्या खेपेला सून माझ्यामागे गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “मॅडम, किती भरायचे ते सांगा की. हप्त्यानं दिलं तर चालतंय का?”

ती कशाबद्दल बोलते आहे तेच मला काही क्षण कळेना. मग एकदम उलगडलं. त्या गल्लीत ‘डिफॉल्टर’ या शब्दाला एकच अर्थ आहे: कर्जाचा हप्ता चुकवलेली बाई. बचत गट, छोट्या कर्जाच्या कंपन्या, आठवड्याची वसुली. एका बाईचा हप्ता चुकला की बाकीच्यांना भरावा लागतो, त्यामुळे हा शब्द नुसता शब्द राहत नाही. त्या ओट्यावर बसलेल्यांपैकी तिघी अक्कांच्याच गटातल्या होत्या. आणि घरात असा अर्थ लावला गेला होता की खात्यात आलेले पोषणाचे पैसे हे कर्जच होतं, गोळ्या चुकल्या म्हणून आता सरकार ते वसूल करणार.

एकच शब्द, दोन कामं

संस्कृत काव्यशास्त्रात व्यंजनेचं, म्हणजे सुचवलेल्या अर्थाचं, एक ठेवणीतलं उदाहरण आहे, ‘काव्यप्रकाश’ लिहिणाऱ्या मम्मटानेही ते घेतलं आहे: ‘सूर्य मावळला’. वाक्य एकच. गुराख्याला त्यातून ‘गुरं परत आणा’ असं कळतं, संध्या करणाऱ्याला ‘वेळ झाली’, वाट बघणाऱ्या प्रेयसीला आणखी काही. शाळेत अभिधा, लक्षणा, व्यंजना पाठ केलेल्या आपण सगळ्यांनी हे मार्कांपुरतं लिहिलं आहे. त्या ओट्यासमोर मला ते पहिल्यांदा खरं कळलं. कोण, कुठे, कोणासमोर बोललं, हे बाजूला काढून शब्दाचा अर्थ हातात येत नाही.

प्रयोगशाळेच्या कागदावर ‘निगेटिव्ह’ एका निरीक्षणाची नोंद करतो. काचपट्टीवर इतकी क्षेत्रं पाहिली, त्यांत जंतू आढळले नाहीत. तो कागद कोणाशीच बोलत नसतो, पुढे काय करायचं हेही सांगत नाही. डॉक्टरांच्या तोंडी तोच शब्द ‘उपचार लागू पडतो आहे’ असा निर्वाळा होतो. घरी पोचेपर्यंत तो निकाल झाला, कोर्टातल्यासारखा, एकदा लागला की खटला संपला.

‘डिफॉल्टर’चं आणखी वेगळं. नोंदवहीत तो वर्णन करतो, चारचौघांत मात्र तो काहीतरी करून बसतो. तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५च्या व्याख्यानांत मांडलं होतं की काही बोलणं ही नुसती माहिती नसते, ती कृतीच असते, लग्नातलं संमतीचं वचन जसं. सोलापूरकराला याच्यासाठी परदेशी उदाहरण लागत नाही. यात्रेत सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता सोहळ्याला संमती वाचली जाते, “दिड्डम, दिड्डम” कानावर येताच हजारो हातांतून अक्षता पडतात. जमलेल्या अनेकांना त्या ओळींचा शब्दार्थ सांगता येणार नाही. तरी लग्न लागतं, कारण योग्य जागी, योग्य माणसाने, योग्य वेळी ते म्हटलेलं असतं. ओट्यासमोर मीही एक वाक्य म्हटलं आणि त्याने एका बाईची पत गेली.

आणखी एक गोष्ट मला लागून राहिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या व्याख्यांत ‘डिफॉल्ट’ हा शब्द काढून टाकला, तो रुग्णाला दोषी ठरवतो म्हणून. त्याजागी ‘पाठपुराव्यातून सुटलेला’ अशा अर्थाचा शब्द आणला. तोही लागू व्हायला सलग महिना-दोन महिने खंड पडावा लागतो. अक्कांचे नऊच दिवस झाले होते. म्हणजे मी वापरलेला शब्द जुना होता, दुखावणारा होता आणि कार्यक्रमाच्या हिशेबानेही चुकीचा होता. पण कागदावरून गेलेला शब्द आमच्या तोंडातून गेला नव्हता.

समोर कोणते मार्ग होते

माहितीपत्रक देणं सगळ्यांत सोपं होतं. पण त्या पत्रकाची भाषा अशी असते: ‘रुग्णाने विहित कालावधीपर्यंत औषधोपचार अखंडित चालू ठेवणे आवश्यक आहे.’ यात बोलणारा कोणी नाही आणि ऐकणाराही कोणी नाही. ही परिपत्रकाची मराठी. वरून खाली सरकण्यासाठी ती तयार झाली आहे आणि तिथे ती चोख काम करते. सुनेने ती वाचली असती, समजलीही असती, पण ती आपल्याला उद्देशून आहे असं तिला वाटलं नसतं.

माझ्या एका अनुभवी सहकाऱ्याचं म्हणणं होतं, सरळ भीती घाला. औषध अर्धवट सोडलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, उपचार लांबतो, घरात नातवंडं आहेत. यातलं एकही वाक्य खोटं नाही आणि भीतीने वळणारी माणसं मीही पाहिली आहेत. पण अक्का त्या घडीला आधीच घाबरून दाराआड बसल्या होत्या. भ्यायलेल्या माणसाला आणखी भीती घातली तर तो दाराची आणखी एक कडी लावतो.

मग तेलुगू बोलणारं कोणीतरी न्यायचं ठरलं. आशाताई त्याच भागातल्या, तेलुगू उत्तम. पण त्या अक्कांच्याच गटाच्या सभासद. ज्यांच्यासमोर मान खाली गेली त्यांच्यातल्याच एकीने समजूत घालायला जाणं मला पटेना. भाषा जुळली की झालं, असं आपण धरून चालतो. नातं आडवं येत असेल तर जुळलेल्या भाषेचाही उपयोग होत नाही. शेवटी दुसऱ्या पेठेतल्या, दोन वर्षांपूर्वी याच आजारातून बऱ्या झालेल्या एका बाईंना विचारलं. त्याही विड्या वळतात. लगेच हो म्हणाल्या.

काय केलं

भेट घरी ठेवली नाही, दवाखान्यात ठेवली, दुपारी गर्दी ओसरल्यावर. सुनेला सांगितलं, कोणाला काही भरायचं नाही, फक्त या.

सुरुवातीला पैशांचं बोलले, आजाराचं नंतर. ते पैसे कर्ज नाहीत, कोणी परत मागणार नाही, आणि त्या दिवशी मी जो शब्द वापरला तो इथे लागूच नव्हता, तो मी बोलायला नको होता. अक्का मान खाली घालून ऐकत होत्या. “चारचौघीत बोललात की ओ,” एवढंच म्हणाल्या. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी दिलंही नाही.

मग मी विचारलं, “डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, ते तुम्ही मला सांगा.” हा प्रश्न मी आधी विचारला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. अक्का सोबत आलेल्या बाईंकडे वळून तेलुगूत म्हणाल्या, “पुरुगुलु लेवु अन्नारु कदा.” जंतू नाहीत म्हणाले ना.

त्या बाई पटकन म्हणाल्या, “लेवु कादु. कनपडलेदु.”

मला तेलुगू थोडंच येतं, पण एवढं कळलं. ‘नाहीत’ नव्हे, ‘दिसले नाहीत’. मी डॉक्टरांजवळ बसून कित्येक रिपोर्ट ऐकले, मराठी व्याकरण शिकवलं, आणि हा फरक मला मांडता आला नव्हता. एका विडी कामगार बाईने दोन क्रियापदांत तो मांडला.

त्यावर मी भर घातली ती आकड्यांची. दुर्बिणीखाली जंतू दिसायचे तर एक मिलिलिटर बेडक्यात साधारण ५,००० ते १०,००० जंतू असावे लागतात. त्याहून कमी असतील तर तपासणाऱ्याला दिसत नाहीत, पण छातीत असतात. गोळ्या आता त्या उरलेल्यांसाठी आहेत.

अक्का काही वेळ हातांकडे बघत राहिल्या. मग मराठीत म्हणाल्या, “म्हणजे भट्टी राहिली म्हणा की.”

विडीचं पान वळायच्या आधी भिजवतात, नाहीतर ते वळताना तुटतं. वळलेली विडी वरून कोरडी, नीटस दिसते, पण पानात ओल असते. ती कारखान्यात भट्टीला लागते तेव्हा खरी वाळते. भट्टी नीट लागली नाही तर कट्ट्याच्या कट्ट्याला बुरशी येते. वरून बघून कोणाला कळत नाही. हे अक्का मला समजावून सांगत होत्या, हातांनी कट्टा धरल्यासारखं करून. त्या दिवशी समुपदेशन कोणी कोणाचं केलं, हा प्रश्न मी नोंदवहीत लिहिलेला नाही.

डॉक्टरांनी तपासून तेच औषध पुढे चालू केलं आणि राहिलेले सगळे दिवस शेवटी वाढवले. कार्डाच्या मागे सुनेने स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘जंतू दिसले नाहीत. आत आहेत असं धरायचं. मे महिन्याच्या मधल्या आठवड्यापर्यंत रोज गोळी.’ ‘आत आहेत असं धरायचं’ ही शब्दरचना तिची. मी ‘असू शकतात’ सुचवलं होतं. ती म्हणाली, असू शकतात म्हटलं की सासूबाई म्हणणार, नसूही शकतात.

काय झालं

मेच्या मध्यावर उपचार पूर्ण झाले. शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर अक्कांनी विचारलं, “दिसले नाहीत का, नाहीत?” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि चार मिनिटं नीट बसून सांगितलं की दिसत नाहीत, सहा महिन्यांची औषधं पूर्ण झाली आहेत, वजन वाढलं आहे, या सगळ्याचा मिळून अर्थ बऱ्या झालात असा होतो, पण पुढे दोन वर्षं अधूनमधून तपासायला यायचं. नुसत्या ‘निगेटिव्ह’चं एवढं मोठं उत्तर होतं.

भट्टीचं उदाहरण मी नंतर एका यंत्रमाग कामगाराला दिलं, सगळं समजेल अशा खात्रीने. ते म्हणाले, “मला विडीचं काय सांगता मॅडम, आमचं काय ते सांगा.” उपमा अक्कांची होती, त्यांच्या हातातून आलेली. मी ती उचलून दुसऱ्याच्या अंगावर घातली. त्यांना विचारायला हवं होतं, मागावर असं काय असतं जे वरून ठीक दिसतं आणि आतून नसतं. ते मी पुढच्या खेपेला विचारलं, आणि त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच उपयोगाचं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

रिपोर्ट सांगताना वाक्यांचा क्रम उलटा हवा होता. ‘गोळ्या अजून चार महिने आहेत’ हे आधी, निकाल नंतर. चांगली बातमी पुढे बसली की तिच्या मागचं कोणी ऐकत नाही. आमच्या डॉक्टरांनी आता हा क्रम बदलला आहे.

काही जण म्हणतात की इंग्रजी शब्दच नको, ‘अहवाल नकारात्मक’ म्हणा. मला हे पटत नाही. ‘नकारात्मक’ म्हटलं की माणूस आणखी गोंधळतो, त्यात वाईटाची छटा आहे. आणि ‘निगेटिव्ह’ त्यांच्या कानावर येणारच, प्रयोगशाळेच्या खिडकीतून, शेजारणीकडून. तो शब्द वापरावा आणि तिथल्या तिथे उलगडावा. शुद्ध शब्दाचा हट्ट धरण्यापेक्षा ‘दिसले नाहीत’ हे साधं क्रियापद जास्त अचूक आहे.

दोन महिन्यांचा टप्पा हाच घसरण्याचा असतो. बरं वाटायला लागतं, पाकीट बदलतं आणि रिपोर्टही बदलतो, सगळं एकाच दिवशी. त्या दिवशी घरच्यांकडून एकदा उलट वदवून घ्यायला हवं होतं. पोषणाचे पैसे पहिल्यांदा जमा होतात तेव्हा ते कशाचे, हेही सांगायला हवं होतं. आम्ही फक्त खाते क्रमांक घेतला होता. आणि गल्लीत उभं राहून कोणाचं नाव कशात येतंय हे सांगायचं नाही, हे मला कोणी शिकवण्याची गरज पडायला नको होती.

ओट्यावरचं ते वाक्य मात्र परत घेता आलेलं नाही. मार्चमध्ये अक्कांच्या परवानगीने मी त्यांच्या गटाच्या बैठकीला गेले आणि सांगितलं की तो शब्द कर्जाचा नव्हता, चूक माझी होती. बायकांनी शांतपणे ऐकलं. एक म्हणाली, “तुम्ही म्हणताय तसंच असेल की मॅडम.” अक्कांनी आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही, हे गटाच्या वहीत लिहिलेलं आहे. जूनमध्ये नव्या कर्जाची यादी झाली तेव्हा त्यांचं नाव ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून मागे ठेवलं. अक्का मला हे सांगताना रागावल्या नव्हत्या. पान कापत होत्या, आणि सुनेला कारखान्यात जायची वेळ झाली म्हणून सांगत होत्या.